हाडाचं अनेकवचन

डंडीत, टे नदीकडे पाठ केलेल्या खोलीत
एफी गेडिस चाळीस वर्षं मुद्रितं तपासतेय.
पेन्सिल हिरवी. लाल रंगाने
माणसं उगाच दुखावतात, असं तिचं मत.
चूक मात्र सोडत नाही; हाडाची मुद्रितशोधक.

या आठवड्यात ऑर्कनीचा उत्खनन अहवाल.
समुद्राने खाल्लेला कडा, कड्यात खड्डा,
खड्ड्यात सातजण, कोण कुणाचे ठाऊक नाही.
लेखक एर्लेंड फ्लेट, वय एकोणतीस,
आणि त्याने पणच केलाय
की साधं 'बोन' लिहायचं नाही.

पान चार : 'ओल्या मातीत एक ऑस आढळले.'
पान सहा : 'ऑसवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा आहेत.'
एफी चहा बाजूला सारते, समासात लिहिते :

प्रिय श्री. फ्लेट,
हा शब्द लॅटिन आहे, इंग्रजीत एकटा हिंडत नाही.
सोबत कुणीतरी लागतं त्याला :
ऑस कॉक्सी, ऑस सेक्रम.
तक्त्यात बसवा, आकृतीखाली बसवा.
पण चिखलातून वर येतं ते बोन.
कुत्रा चावतो तेही बोनच,
त्याला लॅटिन येत नाही.

मराठीत हे सांगायला तिला
एक ओळ पुरली असती :
हाड कुत्र्याला, अस्थी नदीला.
पण एफीला मराठी येत नाही
आणि एर्लेंडच्या कड्याखाली नदी नाही.

पान अकरा. इथे पेन्सिल अडते.
'सातही जणांचे ओरा गोळा करून
एका पेटीत ठेवले.'
लॅटिनमध्ये ऑस दोन आहेत, एक हाड, एक तोंड.
हाडाचं अनेकवचन ऑसा.
तोंडाचं ओरा.
पोराने कोशातली शेजारची ओळ उचलली
आणि पेटीत तोंडं भरली.

ती एकटीच हसते. मग हसू मध्येच राहतं.
सात तोंडं, वर झाकण.
जिभेला हाड नसतं, ठीक;
पण या हाडांनाही कधीपासून
जीभ नव्हती.

उत्तर शुक्रवारी आलं.
बाई, ओरा ही माझी चूक, कबूल.
बाकीचं मुद्दाम केलं.
अहवाल बेटावर वाचला जाईल.
दुकानवाली जेसी-ॲन रोज कड्यावर येऊन विचारायची,
आमची माणसं निघाली का?
तिच्यासमोर बोन म्हणवेना.
आमच्या बोलीत 'बेन',
रश्श्यातल्यालाही तेच म्हणतात.

एफीने उजवं मनगट वळवून पाहिलं.
बर्फावर घसरली होती त्या वर्षी
डॉक्टरांच्या पत्रात होतं, ऑस स्कॅफॉइडियम.
वाचून वाटलेलं, मोडलंय दुसऱ्याच कुणाचं,
दुखणं चुकून माझ्या पत्त्यावर आलंय.

तेवढंच तिने त्याला कळवलं.
नियम पुन्हा लिहिला नाही.

दुसरं मुद्रित आलं तेव्हा
सदतीस ठिकाणी बोन.
तक्त्यांमध्ये ऑसा, जिथल्या तिथे,
आडनावांसकट.
पान अकरा मात्र त्याने न विचारता बदललेलं :
'सातही माणसं गोळा करून
एका पेटीत ठेवली कडा ढासळण्याआधी.'

माणसं. शास्त्रीय अहवालात.
शैलीपुस्तिकेत याला आधार नाही,
ती उघडून पाहिली तिने, दोनदा.
खाली रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं,
फार वेळ, येत नसावा.

मग 'ठेवली'नंतर
एक स्वल्पविराम राहिला होता, तो दिला,
आणि पान उलटं करून
बाकीच्या पानांवर ठेवलं.